हिरव्या टोप्यांचा भरवसा

माझ्या गाडीच्या चारही वॉल्व्हवर हिरव्या टोप्या आहेत. म्हणजे आत नायट्रोजन. भरणाऱ्या मुलाने टोप्या पिळता पिळता सांगितलं होतं, "काका, आता हवेचं टेन्शनच नाही." मी ते शब्दशः घेतलं. एरवी दर पंधरा दिवसांनी हवा बघणारा मी, पुढचे पाच महिने टायरकडे फिरकलोही नाही. मग एका सकाळी गाडी डावीकडे ओढायला लागली. गेज लावला तर पुढचं डावं चाक 21 वर. असायला हवं होतं 32 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक). खाचेत एक बारीक खिळा रुतून बसला होता. आत कोणता वायू आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

पंक्चर काढून झाल्यावर मात्र मी हट्टाला पेटलो आणि वाचायला बसलो.

साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, 21 टक्के ऑक्सिजन, उरलेला बहुतेक आर्गॉन. म्हणजे आपण पैसे मोजतो ते त्या 21 टक्क्यांना हुसकावण्यासाठी. तेही पुरतं होत नाही. टायरमधली हवा सोडली तरी बाहेरच्या दाबाइतकी आत उरतेच. त्यावर 32 पीएसआयपर्यंत शुद्ध नायट्रोजन भरला तर प्रमाण जातं जेमतेम 93 टक्क्यांवर. पुन्हा सोडून पुन्हा भरला तर 98 च्या आसपास. माझी चाकं एकदाच सोडली होती. मी समोरच उभा होतो.

फायदा मुळीच नाही असं नाही. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने 31 प्रकारचे टायर 30 पीएसआयवर भरून वर्षभर नुसते ठेवून दिले. हवेचे सरासरी 3.5 पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे 2.2 ने. फरक 1.3 चा, तोही वर्षाचा! माझ्या खिळ्याने एकट्याने 11 खाल्ले.

'नायट्रोजन तापला तरी दाब वाढत नाही' ही तर शुद्ध थाप. 20 अंशांना 32 भरलेला टायर 50 अंशांवर गेला की जवळपास 37 दाखवणार, आत काहीही भरा. गडबड करतं ते पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर आत गेलं, तर तापल्यावर त्याची वाफ दाबात आणखी भर घालते. नायट्रोजन कोरडा मिळतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना तो लागतो. मी भाजी आणायला जातो.

विमानांची गोष्ट निराळी. 31 मार्च 1986 ला मेक्सिकाना या मेक्सिकोतल्या विमान कंपनीच्या 940 क्रमांकाच्या विमानाचा ब्रेक घासून तापला आणि नायट्रोजनऐवजी हवा भरलेला टायर उड्डाणानंतर फुटला. इंधनाच्या नळ्या तुटल्या, आग लागली. 167 माणसं गेली. हे वाचल्यावर नायट्रोजनची टिंगल करायची माझी खुमखुमी जरा उतरली.

हिरव्या टोप्या मी काढलेल्या नाहीत. कमी पडली की साधी हवाच भरतो, दोन्ही एकत्र झाल्याने काही बिघडत नाही. गेज आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना लावायचा. काल चारही चाकं 32 वर होती. त्या खुशीत डिकी उघडून स्टेपनीलाही लावला.

14.