लिंबूटिंबूंच्या बाजूने

लुटनच्या बाजूने मी झालो तो एका दारामुळे. लंडनच्या उत्तरेला असलेल्या या गावातल्या फुटबॉल क्लबचं मैदान, केनिलवर्थ रोड, घरांच्या रांगांमध्ये कोंबून बसवलंय. पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांनी आत शिरायचं ते चक्क एका घराच्या पोटातून. वरच्या मजल्यावर माणसं राहतात, खालून फुटबॉलवाले जातात. पुढे लोखंडी जिना, आणि त्यावरून खाली बघितलं की लोकांची परसं. 2023 पर्यंत मैदानात जेमतेम दहा हजार माणसं मावायची. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाने हे सोडून मँचेस्टर सिटीसाठी टाळ्या पिटायच्या, हे मला तरी जमत नाही.

शिवाय इतिहासही असा की कोणालाही दया यावी. पैशांच्या व्यवहारातल्या भानगडींपायी 2008-09 चा मोसम लुटनने वजा तीस गुणांवर सुरू केला. व्हायचं तेच झालं, टीम इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या पायरीवर गेली आणि पाच वर्षं तिथेच कुजली. त्या दिवसांत, 2013 मध्ये, पेली रडक म्पांझू नावाचा पोरगा क्लबात आला. तो टिकला आणि टीमबरोबर एकेक पायरी चढत गेला.

27 मे 2023 ला हीच टीम लंडनच्या वेम्बली मैदानावर प्लेऑफची फायनल खेळणार होती. जिंकली तर थेट प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, हरली तर पुन्हा पहिल्यापासून 46 मॅच. आदल्याच रात्री अहमदाबादेत शुभमन गिलने 129 ठोकून मुंबई इंडियन्सना आयपीएलबाहेर काढलं होतं. त्यामुळे घरात सुतक होतं आणि टीव्ही मोकळा होता.

समोर कॉव्हेंट्री. खरं तर तेही काही सावकाराचे लेक नव्हते. घरचं मैदान हातचं जाऊन परगावी खेळायची वेळ त्यांच्यावरही आलेली. तक्त्यात तर लुटन तिसरं आणि कॉव्हेंट्री पाचवं. म्हणजे कागदावर लिंबूटिंबू ते होते. पण एकदा बाजू घेतली की कागद कोण बघतो?

सुरुवातीलाच लुटनचा कॅप्टन टॉम लॉकियर कोणाचा धक्काही न लागता कोसळला. त्याला हॉस्पिटलात नेलं, आणि लसूण सोलत बसलेली आई ताट घेऊन थेट टीव्हीसमोर आली. ‘शुद्धीवर आहे ना रे तो?’ हे ती नंतर गोल झाल्यावरसुद्धा विचारत राहिली. क्लार्कने 23व्या मिनिटाला लुटनचा गोल केला, हामरने 66व्या मिनिटाला तो फेडला, आणि मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली.

एक्स्ट्रा टाइम संपत आला असताना जो टेलरने बॉल जाळ्यात मारला. मी असा ओरडलो की शेजारचे काका गॅलरीत आले. ‘काय रे, कोण आऊट झालं?’ मी त्यांना लुटन समजावून सांगेपर्यंत व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीने, हँडबॉल दाखवून गोल रद्द केला होता. काका म्हणाले, ‘म्हणजे नो बॉल,’ आणि चप्पल काढून आत येऊन बसले.

पेनल्टींनी सगळ्यांचा जीव काढला. पाच-पाच झाल्या, एकही चुकली नाही. लुटनची सहावीही गेली. कॉव्हेंट्रीच्या डाबोने बॉल बाहेर मारला आणि आमच्या घरात, मध्यरात्री, काकांनी बाबांना मिठी मारली. दोघांची पाण्याच्या मोटरवरून कितीतरी दिवस बोलाचाली बंद होती. पाचव्या पायरीपासून एकाच क्लबबरोबर प्रीमियर लीगपर्यंत पोचणारा म्पांझू हा पहिलाच, हे मी सांगत होतो, पण ऐकायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

अंथरुणावर पडल्यावर मात्र जरा ओशाळल्यासारखं झालं. लुटनच्या लोकांनी इतकी वर्षं जे भोगलं, ते मी यूट्यूबवर अर्ध्या तासात उरकलं होतं, आणि उड्या मात्र त्यांच्याइतक्याच मारल्या होत्या. फुकटचा आनंद हो, दुसरं काय! पण त्याची फेड लगेच सुरू झाली. पुढच्याच मोसमात लुटन प्रीमियर लीगमधून खाली आलं, 2025 मध्ये आणखी एक पायरी घसरून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर गेलं. त्या मॅचचे मी आता फक्त स्कोअर बघतो. रविवारी सकाळी चहा घेताना बाबा विचारतात, ‘काल कोणाकडून हरले तुझे लोक?’ कधीकधी जिंकलेलेही असतात. तेव्हा मी मुद्दाम एक घोट घेऊन मग सांगतो.