तुम्ही विचारलंत म्हणून: टेन्शनने साखर वाढते का?

दादरच्या माझ्या दवाखान्यात रिपोर्टची घडी उलगडायच्या आत प्रश्न येतो: "डॉक्टर, गोड खात नाही, अंगावर मांस नाही, मग साखर कशी? टेन्शनचीच ना? आणि आपल्याच लोकांना का एवढी?"

टेन्शनचा वाटा आहे. स्वादुपिंडाकडे दोन तऱ्हेच्या नसा जातात. जेवणाचा वास आला, पहिला घास तोंडात गेला की त्यातली व्हेगस नस इन्सुलिन (रक्तातली साखर उतरवणारं संप्रेरक) सोडायला लावते, साखर रक्तात चढण्याआधीच. घाबरलात, भांडलात की सिंपथेटिक नसा नेमकं उलट करतात: इन्सुलिन दाबतात आणि यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतात. मेंदूचा साखरेवर ताबा असतो, हे जुनंच: फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४९च्या सुमारास सशाच्या मेंदूच्या तळाला सुई टोचली, तर त्याच्या लघवीत साखर उतरली!

पण बॉसशी भांडण झालं म्हणून एचबीए१सी आठ होत नाही. ती रक्ततपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते.

आता 'आपल्याच लोकांना'. माणसांच्या गटागटांत फरक दिसतात, हे खरं. अमेरिकेत शिरेतून ग्लुकोज देऊन पाहिलं, तर कृष्णवर्णीयांच्या रक्तात गोऱ्यांपेक्षा जास्त इन्सुलिन चढलं. त्यांचं यकृत ते कमी उचलतं, हे त्याचं एक कारण. त्यात नसांचा हिस्सा किती, हे वेगळं काढणं फार कठीण, कारण झोप, पगार, वर्णभेदाचा रोजचा जाच, सगळं त्याच नसांवर येऊन आदळतं. म्हणून "वंशच तसा" या उत्तरावर माझा फारसा विश्वास नाही.

आपल्या बाबतीत मला चरबीचा पुरावा जास्त पटतो. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! पुण्यातल्या नवजात बाळांतही हेच दिसलं: वजन कमी, पण त्या मानाने चरबी टिकून. म्हणजे सुरुवात आईच्या पोटातच होते, ऑफिसात नव्हे.

म्हणून बारीक दिसणाऱ्याचीही कंबर मी टेपने मोजतो. पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०, याच्या पुढे गेली असेल तर टेन्शनचं आपण नंतर बोलू.