चाळीस टक्के आजारी

रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात मी बरीच वर्षं कामगार अधिकारी होतो. सेफ्टीचं कामही माझ्याच गळ्यात होतं, कारण त्यासाठी वेगळा माणूस ठेवायची कंपनीची तयारी नव्हती. 2009 च्या ऑगस्टमध्ये तिथे स्वाइन फ्लूची रंगीत तालीम झाली. त्या दिवशी एक गुंता झाला, तो डोक्यात अजून तसाच आहे.

11 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली तेव्हा पावसाळी मासेमारीबंदीमुळे आमचं शेड रिकामं होतं. 3 ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला आणि मुंबईच्या हेड ऑफिसला जाग आली. कुठल्याशा सल्लागाराने केलेली इंग्रजी फाइल कुरिअरने माझ्या टेबलावर येऊन पडली. एका वेळी 40 टक्क्यांपर्यंत माणसं गैरहजर राहतील असं धरून तयारी करा, घरून करता येण्याजोग्या कामांची यादी पाठवा, असं तीत होतं. आमच्याकडे घरून करता येण्याजोगं काम एकच, कोळंबी सोलणं, आणि एक्सपोर्टच्या नियमात तेवढंच बसत नाही.

चाळीस टक्के ऐकून आमचा प्रॉडक्शन सुपरवायझर खो खो हसला. "साहेब, गणपतीत दरवर्षी याच्यापेक्षा जास्त जातात की!" खरंच होतं ते. पण गणपती कधी येणार हे कालनिर्णय सांगतं. आठवडाभर आधी आम्ही माल घेणं कमी करतो आणि फ्रीझर रिकामे करतो. शिवाय ज्याच्या घरी गणपती त्याची पाळी दुसरा करतो, आणि ईदला त्याची परतफेड होते. साथीचा ताप अशी अदलाबदल पाळत नाही. त्या वर्षी गणपती 23 ऑगस्टला होते, त्याच सुमारास रमजान लागत होता, आणि जिथे साथ पेटलेली होती त्याच पुण्यामुंबईहून चाकरमानी गाड्या भरभरून आमच्या वाड्यांवर उतरणार होते. सल्लागाराच्या फाइलमध्ये विमानतळांवर दोन पानं होती. गणपती स्पेशल गाड्यांबद्दल चकार शब्द नव्हता.

बाहेरच्यांना वाटतं की मासळीचा कारखाना म्हणजे घाण. उलट आहे. आत शिरताना डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात गमबूट. हात साबणाने धुवायचे, मग क्लोरीनच्या पाण्यात बुडवायचे, आणि गमबुटांसाठी जमिनीत वेगळं टाकं. पुण्यात लोक मास्कसाठी रांगा लावत होते तेव्हा आमच्या स्टोअरमध्ये खोकेच्या खोके पडून होते. पण तो मास्क कोळंबीला माणसापासून वाचवतो, माणसाला माणसापासून नाही. टेबलावर उभं असताना बाई मास्क लावते, आणि चेंजिंग रूममध्ये तो काढून चाळीसजणी एकमेकींच्या अंगावर रेलत साड्या बदलतात. ठेकेदाराच्या ज्या टेम्पोतून त्या येतात त्यात पावसासाठी ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली असते. माझ्या मते साथ पसरायला सगळ्या कारखान्यात याहून सोयीची जागा नव्हती. टेम्पोच्या दोन फेऱ्या करा म्हटलं तर ठेकेदार म्हणाला, "डिझेल तुम्ही द्या." कंपनी म्हणाली, वाहतूक ठेकेदाराची. मास्कच्या खोक्यांचा फोटो मात्र हेड ऑफिसला ताबडतोब गेला.

गेटवर ताप बघायचा ठरलं, तेव्हा स्टोअरवाल्याने पाऱ्याचे थर्मामीटर आणून ठेवले. मी ते परत पाठवले. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काचेवर बंदी असते. आमच्याकडे ट्यूबलाइटलासुद्धा आवरण होतं, आणि त्यात पारा! एक जरी फुटला तर त्या दिवसाचा अख्खा माल टाकावा लागेल. डिजिटल थर्मामीटर कोल्हापूरहून मागवले.

सगळ्यात जास्त वेळ मी घातला तो अमोनियाच्या माणसांवर. कोल्ड स्टोरेज उणे अठराच्या वर जाऊ द्यायचं नसतं. त्यासाठी अमोनियाचे कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात, आणि दर तासाला सक्शन (मशीनमध्ये गॅस ओढणारी बाजू), डिस्चार्ज (गॅस दाबून बाहेर सोडणारी बाजू) आणि तेलाचं प्रेशर लॉगबुकात उतरवावं लागतं. मॅनेजर महिनाभर आला नाही तरी कारखाना चालतो. हे लोक चार तास नसले तर चालत नाही. आमच्याकडे पाळीला दोघं होते, आणि सगळ्यांत जाणते होते मिरकरवाड्यातले एक वयस्क ऑपरेटर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पुन्हा कसा सुरू करायचा हे लिहून द्या असं मी त्यांच्या मागे लागलो होतो. ते म्हणायचे, "लिहून काय व्हतं? ऐकायला शिका." आधी सक्शन बंद, डिस्चार्ज उघडा आहे ना ते बघायचं, मशीन लोडशिवाय फिरवायचं, तेलाचं प्रेशर चढलं की सक्शन केसाकेसाने उघडायचं. कान मशीनकडेच. ठकठक आली म्हणजे गॅसबरोबर लिक्विड शिरतंय, लगेच बंद. नाहीतर मशीनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उडतं, आणि अमोनिया बाहेर आला तर पळायचं कुठे हा पुढचा प्रश्न. शेवटी मी त्यांच्याशेजारी बसून एकेक पायरी मराठीत लिहिली, त्यांच्याकडून तपासून घेतली आणि प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावली. त्या फाइलमधलं माझ्या मते हेच एक पान कामाचं होतं, आणि ते सल्लागाराचं नव्हतं.

तालमीसाठी गोकुळाष्टमी आणि गणपतीच्या मधला दिवस धरला. नारळी पौर्णिमा होऊन होड्या सुटल्या होत्या, माल येत होता. गेटवर एका डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या, दर पाचांत दोन लाल. लाल आली की तुम्ही आजारी. पगार पूर्ण, पण दिवसभर कॅन्टीनमध्ये बसायचं, कोणी बोलावलं तरी आत जायचं नाही. किलोवर सोलणाऱ्या बायकांना आदल्या आठवड्याच्या सरासरीने पैसे द्यायचं मी वरून मंजूर करून घेतलं होतं. बायकांचा विश्वास बसला नाही. बसला तेव्हा जी ती लाल चिठ्ठीसाठी डबा ढवळू लागली.

दहाच्या सुमारास लाइट गेली. ही माझी योजना नव्हती, महावितरणची मेहेरबानी. जनरेटरवाला लाल चिठ्ठी घेऊन कॅन्टीनमध्ये भजी खात होता. सवयीने उठून धावला, मी त्याला दारातच अडवला. "तू आजारी आहेस. बस." तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वेड लागलंय. मॅनेजर केबिनमधून ओरडत बाहेर आले. त्यांना हिरवी चिठ्ठी होती, पण जनरेटरच्या खोलीची चावी कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. चावी शोधली, जनरेटर कसाबसा लागला. चाचा आपल्या जागेवर शांत उभे. जोडीदार लाल, म्हणून त्यांनी पॅकिंगमधल्या एका पोराला भिंतीवरचं पान मोठ्याने वाचायला लावलं आणि एकेक व्हॉल्व्ह त्याच्याकडून फिरवून घेतला. कॉम्प्रेसर लोडवर आला तेव्हा ते पोर घामाने निथळत होतं. मी खूश होतो. खोटं कशाला बोला, फारच खूश होतो.

त्याच खुशीत कॅन्टीनमध्ये गेलो. तिथे जत्रा भरलेली. खोटेखोटे कण्हणं, एकमेकींचं कपाळ बघणं, "मेलंय गो बाय मी" वगैरे. मुकादमीण काकी मात्र गप्प होत्या. वीसेक वर्षं टोळ्या सांभाळलेली बाई. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सायब, ती कोपऱ्यातली खरीच आजारी हाय."

हातखंब्याच्या बाजूच्या एका वाडीतली पोरगी. तिच्यापुढचा चहा तसाच होता, भजीला हात लावलेला नव्हता. पदर घट्ट ओढून बसली होती आणि डोळे लालभडक. गेटवर तिचा ताप मीच बघितला होता, काही नव्हता. आता एकशेदोनच्या वर. "ताप नाय वो, जरा आंग दुखताय," एवढंच म्हणाली. काकींनी तिच्या कनवटीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. दोन दिवस ती पहाटे पॅरासिटामॉल घेऊन येत होती. गोळीने सकाळी ताप उतरायचा, गेटवर पास व्हायची, दुपारनंतर अंगात भरायचा. किलोवरच्या बाईला आजारपण परवडत नाही. तेव्हाच्या कायद्याने भरपगारी रजा मिळायला वर्षात 240 दिवस भरावे लागायचे. ते भरू नयेत याची काळजी ठेकेदार किती बारकाईने घेतो ते हजेरीपट बघणाऱ्यालाच कळतं.

माझ्या हातातल्या फाइलप्रमाणे पुढचं सरळ होतं. ताप, अंगदुखी, तोंडाला मास्क, गाडीने घरी, सात दिवस विश्रांती, फोनवर चौकशी. सरकारी सूचनाही सौम्य तापाला तेच सांगत होत्या: घरी राहा, तपासणी नको, फ्लूवरचं टॅमिफ्लू हे औषध नको. मी गाडी सांगितली. काकी हलल्या नाहीत. त्यांनी खाली बसून पोरीची पोटरी दाबली आणि ती किंचाळली.

"खोकला हाय तुला? घसा?" नव्हता. "बेणणीला गेलेलीस?" गेली होती. लावणी झाली की भाताची बेणणी, म्हणजे तण काढणं, असते, कामावरून घरी गेलं की अंधार पडेपर्यंत चिखलात. पायाला चिरा तर सगळ्यांच्याच. काकींच्या दिराला काही वर्षांपूर्वी लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून पायाच्या चिरांवाटे शिरणारा ताप, झाला होता. हे डोळे आणि ह्या पोटऱ्या त्यांनी घरात बघितल्या होत्या.

गाडी वाडीकडे न जाता सरकारी रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरांनी फ्लूच्या रांगेतून तिला बाहेर काढलं, डोळ्यांत कावीळ दिसायला लागली होती ती मला दाखवली आणि इंजेक्शनं सुरू केली. पुढे तपासणीत लेप्टोच निघाला. मला म्हणाले, "पावसाळ्यात कोकणात ताप घरी झोपवून ठेवायचा नसतो. किडनीवर गेला की आमच्या हातात काही राहत नाही." पोरगी वाचली. गौरीविसर्जनानंतर कामावर आली, आधीपेक्षा निम्मी झालेली.

दुसऱ्या दिवसापासून मी गेटवरचा कागद बदलला. तापाशेजारी चिखलात उतरण्याचा रकाना घातला, पण ऑगस्टमध्ये त्यात सगळ्यांचंच हो येणार. मग पोटऱ्या, लाल डोळे, कावीळ घातली, आणि खोकला-घसा नसलेला ताप डॉक्टरला दाखवल्याशिवाय घरी जाणार नाही असा नियम केला. हेड ऑफिसने विचारलं, हे कुठल्या गाइडलाइनमध्ये आहे?

पैशाचं वेगळंच झालं. साथीसाठी भरपगारी रजा द्या म्हणून मी जुलैपासून पत्रं लिहीत होतो, कारण पैसे बुडणार नाहीत ही खात्री असेल तरच माणूस ताप सांगतो. ती अखेर मंजूर झाली, पण अट अशी: स्वाइन फ्लूचा पॉझिटिव्ह रिपोर्ट जोडावा. रिपोर्ट मिळणार फक्त फार आजारी पडलेल्यांना, कारण बाकीच्यांची तपासणीच होत नव्हती. म्हणजे घरी बसून साथ थांबवणाऱ्याला पैसे नाहीत. ही अट लिहिणारा माणूस मूर्ख होता की फार हुशार, मला ठरवता आलेलं नाही. त्या पोरीला तर कुठल्याच बाजूने काही लागू होत नव्हतं. स्वाइन फ्लू नाही, आणि ठेकेदाराची बाई. शेवटी अकाउंटंटने किरकोळ वैद्यकीय खर्चात थोडे पैसे बसवले, तेही चहाच्या बिलांच्या मधे.

पण मला छळतं ते काकींचं बोलणं. मी त्यांना म्हणालो होतो, रजेचे पैसे मिळणार असते तर पोरीने पहिल्याच दिवशी ताप सांगितला असता. काकी म्हणाल्या, "सांगितला असता तर तुमी घरी धाडलंनी असतीत. वाडीवर कोन बघनार व्हता तिच्या पोटऱ्या?"

मी रजा मागत होतो ती बरोबर होती, आजही मागेन. पण पहिल्याच दिवशी ती मिळाली असती तर ती पोरगी फोनची रेंज नसलेल्या वाडीत सात दिवस झोपून राहिली असती, नियमाप्रमाणे. खोटं बोलून ती कामावर आली, लाल चिठ्ठी उचलली आणि योगायोगाने काकींच्या समोर बसली. कुठल्याही तयारीत हा योगायोग लिहून ठेवता येत नाही. आणि ताप लपवून ती दोन दिवस त्याच ताडपत्रीच्या टेम्पोतून येत होती. लेप्टो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, म्हणून बरं. फ्लू असता तर?

2020 च्या मार्चमध्ये तिथल्या नव्या अधिकाऱ्याचा मला फोन आला. मी तोवर नोकरी सोडली होती. कपाटात 2009 ची फाइल सापडलीय, आता कोविडला तीच वापरू का, म्हणून विचारत होता. चाचांचं पान आहे का ते आधी बघ म्हटलं. होतं. गेटवरचा कागद ठेव, पण पाऊस सुरू झाला की पोटऱ्यांचा रकाना विसरू नकोस. आणि रजेच्या पानावरची पॉझिटिव्ह रिपोर्टची ओळ खोडून टाक.

"सर, बाकीचं करतो," तो म्हणाला. "ती ओळ हेड ऑफिसच्या नव्या सर्क्युलरमध्येपण आहे."