मांगरातलं आर्गन: पावसाळ्यापासून आंब्यापर्यंत

पावसाळ्याच्या तोंडाशी मी टिग वेल्डिंगला, म्हणजे टंगस्टनच्या टोकाशी विजेचा आर्क पेटवून आर्गन वायूच्या आवरणात धातू जोडण्याला, हात घातला आणि आता कलमांवर कैऱ्या लोंबू लागल्या आहेत. सपाट पत्र्यावरची सरळ रेघ, मग कडेला कड लावून बट जोड, मग पत्र्यावर पत्रा चढवून लॅप, आणि आता कोपरजोड व पाइप, इथवर मजल आली. यंत्र साधं आहे: 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर, फक्त डीसी, एचएफ स्टार्टचं, म्हणजे टोक न टेकवता उच्च वारंवारतेच्या ठिणगीने आर्क पेटवणारं. जागा म्हणजे देवगडजवळ घरामागचा मांगर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, समोरची बाजू उघडी, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. ही नोंद मुख्यतः किनाऱ्यावर राहून हे काम करणाऱ्यांसाठी आहे. घाटावरच्या बंद शेडमध्ये जे सहज जमतं, त्यातलं बरंचसं इथे वारा, मीठ आणि दमट हवा यांना विचारून करावं लागतं.

आधी वाऱ्याचं. टंगस्टनचं टोक, वितळलेला धातू आणि जोडात भरायच्या रॉडचं तापलेलं टोक या तिन्हींवर आर्गनचं आवरण टिकलं तरच जोड स्वच्छ येतो. मिनिटाला सात-आठ लिटरने येणारा हा वायू फार हळुवार असतो. अंगाला बरी वाटणारी झुळूकही त्याला उडवून लावते. देवगडच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. म्हणून मी कामाची वेळच वाऱ्याप्रमाणे लावून घेतली आहे. रात्रीचे मतलई वारे पडतात आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात, ती सकाळची पडती हवा टिगसाठी. दुपार कापणी, घासणी आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवणीसाठी. पावसाळ्यात मात्र नैऋत्येचा वारा दिवसभर असतो, तेव्हा ताडपत्रीचा आडोसा करते, पण मांगर पूर्ण बंद करत नाही. आर्गन विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे आणि खालच्या बाजूला साठून श्वासाची हवा हटवतो. त्याला वास नाही, रंग नाही. एखाद्या टाकीत किंवा खड्ड्यात उतरून काम करायचं असेल तर हे विसरून चालणारच नाही.

याच जडपणाचा फायदाही आहे. 1941 च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथने मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत बसवली तेव्हा हेलियम वापरला होता. हेलियम हलका, तो वर पळतो. आर्गन जोडावर बसून राहतो. वारा असला की वायूचा दाब वाढवावा असं मनात येतंच, पण एका मर्यादेपुढे जास्त वायू म्हणजे नोझलच्या तोंडाशी भोवरा, आणि भोवऱ्यातून हवा आत. खरा उपाय गॅस लेन्स, म्हणजे नोझलमागची बारीक जाळी. वायू जाळीतून संथ आणि सरळ उतरतो, आणि टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढून अडचणीच्या कोपऱ्यातही बघता येतं. माझ्या मते टॉर्चबरोबर (हातात धरायच्या वेल्डिंगच्या दांड्याबरोबर) आलेला, टंगस्टन बसवायचा साधा कॉलेट बॉडी बाजूला ठेवून पहिल्याच महिन्यात गॅस लेन्स घ्यावी. 7 घनमीटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला 8 लिटरने साधारण साडेचौदा तास चालतो. माझा सिलिंडर घाट उतरून कोल्हापूरहून येतो, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं हा दर सिलिंडरचा नेम आहे.

आता मीठ. जोडायच्या आधी अॅसिटोनने पुसा, हे सगळीकडे सांगतात आणि तेल-ग्रीससाठी ते बरोबर आहे. पण मीठ अॅसिटोनमध्ये विरघळत नाही. आपल्याकडे आठवडाभर पडवीत ठेवलेल्या पत्र्यावर हात फिरवला तरी खारट थर लागतो. तो जातो गोड्या पाण्यानेच. म्हणून माझा क्रम असा: आधी पाणी आणि फडकं, मग पूर्ण वाळवणं, मग एसएससाठीच (स्टेनलेस स्टीलसाठीच) राखून ठेवलेला स्टेनलेसचा तारेचा ब्रश, आणि शेवटी अॅसिटोन. रॉडही तसाच पुसायचा. लोखंडावर फिरवलेला ब्रश किंवा ग्राइंडरची चकती एसएसला अजिबात लावायची नाही. लोखंडाचे कण रुततात आणि नंतर नेमके तिथेच तांबूस ठिपके उठतात. आणखी एक, पुसायला ब्रेक क्लीनर कधीही घेऊ नये. क्लोरीन असलेला असेल तर आर्कच्या प्रकाशात त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

दमट हवेत टिगची एक गोष्ट मला फार आवडते. साध्या वेल्डिंगच्या रॉडवरचं फ्लक्स, म्हणजे वरचा लेप, आषाढात ओलावा धरतं, भट्टीत वाळवल्याशिवाय काही रॉड वापरताच येत नाहीत. टिगचा रॉड उघडाबोडका, पुसला की तयार. फक्त टॉर्चच्या नळीत रात्रभरात ओल शिरलेली असते, म्हणून सकाळी आर्क लावण्याआधी थोडा वेळ नुसता वायू सोडते.

हाताच्या सवयीबद्दल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बंदरावरच्या मेस्त्रींना मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका जुन्या मेस्त्रींनी मला शेजारी बसू दिलं. मी टॉर्च धरलेला हात सारखा बघत होते, तर ते म्हणाले, “हाताकडे बघू नको गो बाय, आवाज ऐक.” आर्क आखूड असला की बारीक, एकसंध फुसफुस ऐकू येते, लांबला किंवा हवा शिरली की तो आवाज फुटतो. आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीइतकी, म्हणजे माझ्यासाठी दीड मिलिमीटरच्या आसपास. डाव्या हाताने रॉड पुढे सरकवायचा तो अंगठ्याने, सुंभ वळताना काथ्या बोटांतून सरकतो तसा, मूठ न हलवता. ही सवय यंत्र बंद ठेवूनच लावली, संध्याकाळी ओटीवर बसून नुसता रॉड बोटांतून चालवत. रॉडचं टोक आर्गनच्या आवरणाबाहेर काढायचं नाही, हे त्याच सरावात अंगवळणी पडलं.

टंगस्टन मी दोन टक्के लँथनमचं, निळ्या टोकाचं वापरते. लाल टोकाच्यात थोरियम असतं आणि घासताना उडणारी त्याची किरणोत्सारी धूळ छातीत जायला नको. घासताना रेघा लांबीच्या दिशेनेच पडल्या पाहिजेत. गोल फिरवून घासलं तर आर्क भरकटतो. जोड संपला की टॉर्च तिथेच धरून वायू चालू ठेवायचा, दर दहा अँपिअरला सुमारे एक सेकंद या हिशेबाने. टंगस्टन चांदीसारखं चकचकीत राहिलं तर पुरलं, निळं-काळं पडलं तर कमी पडलं.

उष्णतेचा हिशेब एसएसमध्ये वेगळा. 304 या नेहमीच्या प्रकारच्या स्टेनलेसमधून उष्णता साध्या लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने पसरते आणि ते प्रसरण पावतं दीडपट. म्हणजे उष्णता जोडापाशी अडकून बसते आणि पत्रा वाकतो. मिलिमीटरला 40 अँपिअर हा ढोबळ नियम एसएसला जास्त होतो. 2 मिलिमीटरच्या बट जोडाला मी 65 ते 70 वर असते. टाके जवळजवळ मारते, जोडाखाली तांब्याची पट्टी ठेवते आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सलग न जाता मधून-मधून भरते. शेवटी करंट हळूहळू उतरवते, नाहीतर शेवटच्या खळग्यात बारीक भेग पडते. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा नाजूक काम काढतच नाही. आणि अर्थिंग. आमच्या सड्यावर हातभर खाली जांभा लागतो, म्हणून कोळसा-मिठाचा खड्डा खोल घेतला आणि मार्चपासून त्यात पाणी घालते. एचएफ स्टार्टच्या यंत्राला हे हवंच.

आता ज्या प्रयोगासाठी ही नोंद लिहायला बसले, त्याकडे येते. 304 आणि त्याहून महाग 316 स्टेनलेसच्या पट्ट्या जोडून मी पावसाळ्याच्या सुरुवातीला टांगल्या. काहींवर वेल्डिंगचा रंग तसाच ठेवला, काही साफ केल्या. काहींना जोडताना पाठीच्या बाजूनेही आर्गन दिला, काहींना दिला नाही. अर्ध्या उघड्या पावसात, अर्ध्या पडवीच्या वळचणीला, जिथे वारा लागतो पण पाणी पोचत नाही. सर्वात आधी गंजल्या त्या वळचणीच्या, आणि पावसात भिजणाऱ्या त्यामानाने स्वच्छ राहिल्या. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला ते साठतच जातं आणि दमट हवेत ओलं होतं. घराच्या छपराखालच्या कठड्यांना आणि ब्रॅकेटना म्हणूनच अधूनमधून गोड्या पाण्याने पुसून काढायला हवं.

दुसरा फरक रंगाचा. जोडालगत फिकट पिवळा आला तर वायू आणि उष्णता दोन्ही आटोक्यात. जांभळा-निळा म्हणजे जास्त तापलं, करडा म्हणजे आवरण सुटलं. हा रंग ऑक्साइडच्या थराचा, आणि त्याच्या खाली क्रोमियम कमी झालेला पातळ पदर असतो. स्टेनलेसला स्टेनलेस ठेवणारी अदृश्य साय टिकायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. माझ्या निळ्या-करड्या पट्ट्यांवर चहाच्या डागांसारखी तांबूस छटा नेमकी त्या पट्ट्यातच उठली. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठातल्या क्लोराइडला ते सहजी दाद देत नाही, पण रंग न काढलेली 316 साफ केलेल्या 304 पेक्षा वाईट दिसत होती. महाग धातू घेऊन साफसफाई टाळण्यात काही अर्थ नाही. मागून आर्गन न दिलेल्या पट्ट्यांची पाठ काळी आणि खरबरीत होती, साखर जळून घट्ट झाल्यासारखी, आणि गंज त्या खाचांत आधी शिरला.

साफ करायला कारखान्यात पिकलिंग पेस्ट वापरतात. त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत जातं, म्हणून घरात मी ते आणत नाही. रंग आधी नायलॉनच्या घासणीने घासून पूर्ण काढते, मग लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात, वजनाने पाच ते दहा टक्के, तुकडा अर्धा तास ठेवते, आणि भरपूर गोड्या पाण्याने धुते. नुसतं लिंबूफूल रंग काढत नाही, तो घासूनच जातो. कोकमाचं आगळ चालेल का, असं घरात विचारून झालं. तांब्याच्या भांड्यांना ठीक, पण आगळात मीठ असतं. एसएसला ते लावणं म्हणजे शत्रूला घरात घेणं.

या सगळ्याचं पहिलं खरं काम म्हणजे आंबे काढायचा झेला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बऱ्याच बागायतदारांकडे आहे. त्यात पात्याने देठ कापून आंबा देठासकट जाळीत पडतो, त्यामुळे चीक फळावर ओघळत नाही आणि डाग पडत नाहीत. मी त्याच तत्त्वावर 6 मिलिमीटरच्या 304 सळईची कडी वाकवली. दोन्ही टोकांना चहूबाजूंनी उतार दिला, 308एल रॉडने 85 अँपिअरवर जोड भरला, आतली बाजू घासून अगदी गुळगुळीत केली. जोडाचा उंचवटा राहिला तर तो प्रत्येक फळाला ओरखडा काढणार. काठीसाठी पाइपचा तुकडा जोडला, त्यात मागून आर्गन सोडून: एक टोक अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद, दुसऱ्याला नळी, आणि हवा निघायला बारीक भोक. आतून जोड पांढरा निघाला. पातं मात्र वेल्ड केलं नाही. ते जास्त कार्बनच्या पोलादाचं, तापवलं तर धार धरायचं बंद होतं आणि जोड तडकू शकतो. शिवाय हंगामात ते उतरवून धार लावावी लागतेच. म्हणून दोन बारीक स्क्रू. कडी सळईची असल्याने झेला विकतच्यापेक्षा थोडा जड झाला आहे; उंच कलमावर बांबूच्या टोकाला ते वजन खांद्यात जाणवतं. पुढची कडी पातळ भिंतीच्या पाइपची करणार, 1.2 मिलिमीटर जाडीची, 40 अँपिअरच्या आत.

कोपरजोड अजून मनासारखा बसत नाही. बाहेरचा कोपरा रॉड न घालताच छान वितळतो, पण आतल्या कोपऱ्यात आर्क एका बाजूच्या पत्र्याकडे झुकतो. सध्या लहान नोझल, टंगस्टन थोडं बाहेर आणि टॉर्च दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मधोमध, असा सराव चालू आहे. तो जमला की विहिरीवरच्या कप्पीचं ब्रॅकेट 316 मध्ये, 316एल रॉडने करायचं ठरवलं आहे. अॅल्युमिनियमला एसी यंत्र लागतं. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइड दोन हजार अंशांच्या पुढे, आणि तो फोडायला करंटची दिशा सारखी पालटावी लागते. ते यंत्र आंब्याचे पैसे आल्यावर बघू. कोणी आतल्या कोपऱ्याचा जोड 1.5 मिलिमीटर एसएसवर नेमाने करत असेल, तर नोझलचा नंबर आणि करंट जरूर कळवा.