एक प्यादं कमी, तरी बरोबरी: हत्तींचा शेवट कसा धरला

बुद्धिबळाचा डाव, माझं आणि समोरच्याचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) जवळपास सारखं. वेळ ९० मिनिटं, शिवाय प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव. माझी काळी मोहरी होती. पटावर उरलं ते असं (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी रांग): पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७, माझा राजा ई८, हत्ती बी६. अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ही स्थिती ओळखली जाते, आणि क्लबात खेळणाऱ्याला ती तोंडपाठ हवी.

प्यादं ई५ वर आहे तोवर मी हत्ती सहाव्या रांगेतच ठेवला: बी६, जी६, परत बी६. त्यामुळे पांढऱ्या राजाला सहाव्या रांगेत पाऊलच टाकता येत नाही. मागून शह द्यायचा मोह इथे होतो, पण ती घाई महागात पडू शकते. रांग सोडली की राजा डी६ वर येतो, शह दिला की ई६ वर सरकतो, आणि खालचं प्यादं त्याची ढाल होतं.

पुढे सरकायला दुसरी वाट नसल्याने त्याने प्यादं ई६ वर ढकललं. आता मात्र सहाव्या रांगेचा उपयोग संपला. माझ्या हत्तीची रेघ त्या प्याद्यावरच अडते आणि राजा ई५ वरून एफ६ ला आत शिरू शकतो. म्हणून लगेच हत्ती बी१. बी३ किंवा बी४ वर थांबू नये. अंतर जितकं जास्त तितके शह टिकतात.

त्याने राजा डी६ वर आणला, धमकी हत्ती ए८ वर नेऊन मात करण्याची. मी डी१ वरून शह दिला. राजा ई५, ई१ वरून शह. राजा एफ६, एफ१ वरून शह. प्यादं पुढे गेलेलं, त्यामुळे लपायला आडोसा नाही. राजा डी४ किंवा एफ४ ला उतरला तर ई६ चं प्यादं फुकट जातं. तो ई५ आणि डी६ मध्येच फिरत राहिला.

तीच स्थिती, त्याचीच पाळी, तिसऱ्यांदा येणार होती, म्हणजे बरोबरीचा दावा करता येणार होता. अशा वेळी हत्ती डी१ ही चाल स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, पटावर खेळायची नाही, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. हात आधी हत्तीला लागला तर त्या चालीपुरता दाव्याचा हक्क गेला. ३० सेकंद वाढीव असल्याने शेवटपर्यंत चाली लिहिणं सक्तीचंच असतं. पंच त्यावरूनच पडताळतात. दावा चुकला तर समोरच्याला २ मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते.

माझा दावा मान्य झाला. रेटिंग सारखं असलं की बरोबरीत फारसं काही जात नाही.