कसर : फवारणीआधी कपाटामागची भिंत तपासा

दिवा लावल्याबरोबर मोरीच्या कोपऱ्यातून किंवा पुस्तकाच्या पुठ्ठ्याखालून सुळकन पळणारा चंदेरी, बिनपंखी किडा म्हणजे कसर. पेस्ट कंट्रोलवाले हिलाच सिल्व्हरफिश म्हणतात. लांबी साधारण 10 ते 15 मिलिमीटर, डोक्याकडे रुंद, मागे निमुळती. पुढे दोन लांब मिशा आणि मागे तीन शेपट्या. तीन शेपट्या ही पक्की खूण. चिरडली तर बोटाला रुपेरी भुकटी लागते, ते तिचे खवले. पिल्लंही मोठ्यांसारखीच दिसतात, फक्त लहान आणि पांढुरकी, कारण या किड्याला कोषाची अवस्थाच नसते.

घरात बहुधा दोन जातींपैकी एक असते आणि कोणती आहे यावर उपाय ठरतो. लेपिस्मा सॅकरिनम ही चकचकीत चंदेरी, गुळगुळीत अंगाची. तिला 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, म्हणून ती मोरी, सिंकखालचं कपाट, ओल आलेली भिंत धरून राहते. दुसरी टेनोलेपिस्मा लाँगिकॉडाटा. ही करडी, थोडी मोठी, कडेने केसाळ आणि शेपट्या जवळजवळ शरीराएवढ्या लांब. हिला त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही जगता येतं, म्हणून ती वरच्या मजल्यावरच्या कोरड्या फ्लॅटमध्ये, खोक्यांच्या ढिगात, फॉल्स सीलिंगमध्येही सापडते. यातली पहिली जात घरातली ओल काढली की हटते. दुसरीसाठी विषारी आमिष लावावंच लागतं.

भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखे करडे, चपटे कोष चिकटलेले दिसतात, त्यांनाही काही घरांत कसरच म्हणतात. तो एका छोट्या पतंगाच्या अळीचा कोष. ती जळमटं, केस, लोकर खाते. झाडू आणि व्हॅक्यूम एवढंच तिचं औषध.

आता नुकसान कोणी केलंय ते ओळखू. कसर कागद वरून खरवडते. पान उजेडासमोर धरलं तर काही ठिकाणी ते झिजून पातळ झालेलं दिसतं, मध्येच वेडंवाकडं भोक, कडा कुरतडलेल्या, आजूबाजूला काळे बारीक दाणे आणि कधी पिवळट डाग. पुठ्ठ्यापासून आतल्या पानांपर्यंत आरपार गेलेलं सुबक गोल भोक मात्र भुंगेऱ्याच्या अळीचं असतं. मातीचे पापुद्रे आणि आतून पोकळ झालेला गठ्ठा म्हणजे वाळवी. तिथे हा लेख बाजूला ठेवून वाळवीवाल्याला बोलवा. पानांवर मिलिमीटरभराचे फिकट ठिपके चालताना दिसले तर त्यांना म्हणतात ‘पुस्तकातल्या उवा’. त्या बुरशी खातात आणि पान कोरडं झालं की जातात.

कसर चावत नाही, रोगही पसरवत नाही. तिचं खाणं म्हणजे पिठूळ पदार्थ आणि सेल्युलोज: बांधणीची खळ, गुळगुळीत कागदावरचा लेप, फोटोवरचं जिलेटिन, कांजी केलेल्या सुती साड्या, रेयॉन, सांडलेलं पीठ, मेलेले किडे. शुद्ध लोकरीत तिला फारसा रस नसतो. स्वेटरला भोकं पडली असतील तर संशय दुसऱ्यावर घ्या. खायला काही नसतानाही ती कित्येक महिने तग धरते, त्यामुळे ‘घर स्वच्छ ठेवा’ हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. कसरीला उपाशी मारता येत नाही, कोरडं मात्र पाडता येतं.

त्यासाठी आधी हवेतली आर्द्रता मोजायला शिका. चार-पाचशे रुपयांच्या आत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, पण स्वस्त यंत्र पाच-दहा टक्के सर्रास चुकतं, म्हणून ते तपासून घ्यायचं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतकं भिजेल एवढेच थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. हे झाकण आणि यंत्र एका झिप पिशवीत बंद करून आठ ते बारा तास खोलीत ठेवा. पिशवीतली हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र 81 दाखवत असेल तर पुढे दर वेळी 6 वजा करायचे. नेमका हाच आकडा चंदेरी कसरीचा उंबरठा आहे, हा सोयीचा योगायोग.

मग यंत्र हॉलच्या मधोमध ठेवू नका. कपाटाच्या तळाच्या खणात, मागच्या कोपऱ्यात, दार लावून दिवसभर ठेवा. पावसाळ्यात कोकणपट्टीवर बाहेरची आर्द्रता दिवसेंदिवस 80 च्या वर असते आणि हॉलमध्ये पंखा, ये-जा यामुळे 70 दिसलं तरी त्या कोपऱ्यात 85 निघू शकते. कसर राहते ती त्या कोपऱ्यात.

कोपरा इतका ओला का, याचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या भिंतीत असतं. भिंतीतलं कपाट आणि बाथरूम एकमेकांना पाठ लावून, हा आपल्या फ्लॅटांचा नेहमीचा आराखडा. बाथरूमच्या टाइलमधलं ग्राउट उडालं की पाणी प्लास्टरमध्ये झिरपतं आणि कपाटाची मागची प्लाय ते पितं. तपासणी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि 24 तासांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. प्लंबर, ग्राउटिंग किंवा बाहेरच्या बाजूचं वॉटरप्रूफिंग याशिवाय सुटका नाही. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर साकळतेय. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. अंगचं कपाट ओढता येत नाही, हे खरं. तिथे मागच्या प्लायला वर आणि खाली जाळीची भोकं पाडली तर काही अंशी काम होतं. गळती न काढता वरून नुसता रंग मारला की ओल वर्षभर लपते आणि कसरीला आयता आडोसा मिळतो.

पावसाळ्यात ‘हवा लागू दे’ म्हणून कपाटं सताड उघडी टाकण्याची पद्धत उलटते, कारण आत येते ती 90 टक्क्यांची हवा. एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर लावायचा असेल तर खिडक्या बंद हव्यात आणि कपाटाची दारं उघडी. लक्ष्य 60 च्या खाली, जमलं तर 50 ते 55. डिह्युमिडिफायर नसेल तर उष्णता कामी येते: 28 अंशांना 85 टक्के असलेली हवा 32 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 67-68 टक्क्यांवर येते. कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायच्या जुन्या युक्तीमागचं तत्त्व हेच. पण एलईडी पुरेसा तापत नाही आणि जुना तारेचा बल्ब कापडाशेजारी आगीला आमंत्रण. कपाटासाठी मिळणारा कमी वॅटचा हीटिंग रॉड लावा आणि त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

मौल्यवान वस्तू बंद डब्यात ठेवायच्या तर मेमध्येच ठेवा. कागद आणि कापड स्वतःच बाष्प धरून ठेवतात. जुलैत भरलेला हवाबंद डबा म्हणजे आत कोंडलेला पावसाळा. मेमध्ये पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर, उभी आणि पानं थोडी उघडी ठेवून दोन दिवस सुकवा. थेट उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठे वाकतात. मग रबरी कडांच्या झाकणाच्या 50 लिटरच्या डब्यात 200 ते 250 ग्रॅम सिलिका जेल, कापडी पिशवीत बांधून. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग उतरला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. त्याहून जास्त तापवले तर रंग जळतो आणि पुढे काही कळत नाही. पाणी जमा करणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाष्प भरपूर ओढतात, पण लवंडले तर ते खारट पाणी चामडं आणि साडीची जरी दोन्ही खराब करतं. साड्यांच्या खणात ते नकोतच.

साड्यांवरून आठवलं. खणात वर्तमानपत्र पसरण्याची सवय सोडा. कसरीसाठी तेच जेवण आणि तेच घर. कांजी केलेली साडी वर्षभरासाठी ठेवायची असेल तर कांजी धुऊन काढून ठेवा, नेसायच्या आधी पुन्हा करा. पैठणी धुतलेल्या, बिनकांजीच्या मलमलमध्ये गुंडाळा. देवांच्या तसबिरी, डिग्रीची प्रमाणपत्रं, लग्नाचे फोटो हे सगळं भिंतीला चिकटून टांगलेलं असतं. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा आणि मागच्या पुठ्ठ्याची फट अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद करा.

संख्या किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही, सापळ्याने कळतं. जॅमची रिकामी काचेची बाटली घ्या, बाहेरून तळापासून काठापर्यंत मास्किंग टेप गुंडाळा, काठावरून आत मात्र टेप जाऊ देऊ नका. आत चिमूटभर मैदा आणि पावाचा तुकडा. टेपच्या खरखरीवरून कसर वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. वॉश बेसिनमध्ये सकाळी ती सापडते तीही याच कारणाने; ती ड्रेनमधून वर येत नाही, वरून घसरून पडते. बाटल्या भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात ठेवा, तारीख घाला, आठवड्याने मोजा. झुरळांचे चिकट सापळेही चालतात. ज्या खोलीत सर्वांत जास्त सापडतील तिथे उपाय सुरू करायचा.

औषधांत घरच्या घरी करण्यासारखं म्हणजे बोरिक पावडर. केमिस्टकडची घ्या, कॅरम पावडर म्हणून मिळते ती प्रत्येक वेळी बोरिकच असेल असं नाही. कोरड्या सॉसच्या बाटलीत एक तृतीयांश भरा आणि स्कर्टिंगच्या फटीत, कपाटाच्या तळाखाली, पाइप भिंतीत शिरतो तिथे फुंकर मारल्यासारखी उडवा. थर जेमतेम दिसेल एवढाच. इथेच बहुतेकांचं चुकतं: ढीग घातला की कसर त्याला वळसा घालून जाते. मोरीत पावडर ओली झाली की तिचा लगदा होतो आणि उपयोग संपतो. रांगणारं मूल किंवा मांजर-कुत्रं पोचेल अशा ठिकाणी ती नको, ओट्यावर तर नकोच.

करड्या, लांब शेपटीच्या जातीवर आमिषाची जेल चांगली चालते. नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी इंडोक्साकार्ब हे कीटकनाशक असलेलं आमिष वापरून ते दाखवलं आहे. युक्ती अशी, की मोठे मोजके ठिपके न लावता अगदी बारीक थेंब पुष्कळ ठिकाणी लावायचे, कारण कसर अन्न शोधत लांब जात नाही, वाटेत भेटलं तर खाते. हे पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्या, आणि ‘फटीत लावा’ असं बजावून सांगा. खोलीभर फवारणीने समोर दिसतील तेवढ्या मरतात. अंडी फटीत सुरक्षित राहतात आणि थंडी असेल तर दोन महिन्यांनीही फुटतात. पुस्तकावर थेट फवारा मारला तर तेलाचा डाग कायमचा राहतो.

डांबर गोळ्यांची वाफ घट्ट बंद पेटीतच काम करते. उघड्या कपाटात फक्त वास येतो आणि तो माणसांनाच बाधतो. जी6पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी या वाफेने फुटू शकतात, म्हणून बाळाचे कपडे आणि दुपटी यांच्यात गोळ्या अजिबात ठेवू नयेत. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवण्याची पद्धत चांगली आहे, दूर ठेवण्यापुरती. आत आधीच असलेली कसर त्याने मरत नाही. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला हवा. अर्धवट ओला घातला तर आपणच ओल नेऊन ठेवली. प्लगमध्ये खोचायची अल्ट्रासॉनिक यंत्रं घेऊ नका.

लागण झालेल्या पुस्तकांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गोठवणं. पुस्तक झिप पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा. उणे 20 अंशांना एक आठवडा पुरतो. घरातल्या दोन दारी फ्रीजचा फ्रीझर साधारण उणे 18 चा असतो, म्हणून दोन आठवडे ठेवा. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा एवढा गार होत नाही, त्यावर विसंबू नका. पुस्तकं एकमेकांवर दाबून रचू नका, नाहीतर मधलं पुस्तक थंड व्हायला फार वेळ घेतं. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. लगेच उघडली तर हवेतलं बाष्प थेट गार पानांवर जमतं. मग मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे झाडा, विशेषतः कण्याच्या खाचेत, कारण अंडी तिथे असतात. तैलचित्रं आणि काचेसकट फ्रेम यांना हा उपाय नाही.

हे सगळं केल्यावरही पहिल्या महिन्यात सापळ्यातली संख्या फारशी घटत नाही. त्याने घाबरून औषध वाढवू नका. कसर काही वर्षं जगते, पिल्लं मोठी व्हायला महिने लागतात, म्हणून निकाल तीन ते सहा महिन्यांच्या मोजणीत दिसतो. आर्द्रतेचा आकडा खाली आला असेल आणि सापळ्यात फक्त मोठ्या दिसत असतील, पिल्लं नाहीत, तर काम होतंय.

बाहेरून येणारी वाट तेवढी राहिली. ऑनलाइन खरेदीची नालीदार खोकी आली त्याच दिवशी घराबाहेर काढा, माळ्यावर साठवू नका. रद्दीवाल्याकडून किंवा फूटपाथवरून घेतलेली जुनी पुस्तकं थेट कपाटात न लावता मोठ्या झाकणाच्या डब्यात चिकट सापळ्यासकट दोन आठवडे ठेवा. सापळा रिकामा राहिला तर कपाटात घ्या. एक जरी अडकली तर सगळा गठ्ठा फ्रीझरमध्ये.