ऑफ-कॅमेरा फ्लॅश : पॉवरच्या आधी अंतर

सेटअप साधा, फ्लॅश कॅमेऱ्यावर नाही, बाजूला स्टँडवर. एक स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश), 60 सेंमीचा सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवून मऊ करणारी कापडी पेटी), रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं बिनतारी यंत्र). फ्लॅश मॅन्युअलवर, टीटीएल (कॅमेऱ्यानेच फ्लॅशची पॉवर ठरवणं) इथे नकोच, कारण फ्रेममध्ये काळा शर्ट आला की पॉवर बदलते आणि दोन शॉट ताडून बघता येत नाहीत.

पहिला शॉट फ्लॅश बंद ठेवून: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, भिंगाचं छिद्र एफ/4, शटर 1/200 सेकंद. फ्रेम जवळपास काळी यायला हवी. चेहरा ओळखू येत असेल तर खोलीतला उजेड मिसळतोय. मग फ्लॅश 1/32 पॉवरवर (पूर्ण ताकदीचा बत्तिसावा भाग), 45 अंश बाजूला, डोळ्यांच्या वर, किंचित खाली झुकवून.

आता बदलायचं फक्त अंतर. चेहऱ्यामागे 1.2 मीटरवर पांढरी भिंत. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून 60 सेंमीवर असताना भिंत सॉफ्टबॉक्सपासून ढोबळमानाने 1.8 मीटर, म्हणजे तिप्पट लांब. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून तिथे पोचतो एक नवमांश, तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पांढरी भिंत गडद करडी दिसते. सॉफ्टबॉक्स 1.2 मीटरवर नेला की भिंत दुप्पटच लांब राहते, फरक दोन स्टॉपचा, आणि ती उजळते. चेहऱ्याचं एक्स्पोजर टिकवायला मात्र पॉवर 1/8 करावी लागते. शिवाय नाकाच्या सावलीची कड लगेच टोकदार होते; तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या दृष्टीने आता निम्म्या आकाराचा झालेला असतो. मऊ उजेड हवा तर पॉवरची चाकं फिरवण्यात अर्थ नाही, स्टँड पुढे सरकवा.

खोलीतले दिवेही फोटोत हवे असतील तर शटर 1/60 करा. फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो, मागचा वाढतो. दिवे पिवळे असले तर फ्लॅशला फुल सीटीओ जेल (फ्लॅशचा उजेड दिव्यांसारखा नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) 3200 के, नाहीतर चेहरा पांढरा आणि मागे सगळं नारिंगी.

फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी आली तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात जलद शटर वेग) पुढे गेलंय. काही ट्रिगरना 1/200 सुद्धा झेपत नाही, 1/160 वर या. एचएसएस (जलद शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) चालू केल्यास पट्टी जाते, पण दोनेक स्टॉप पॉवरही जाते. घरात त्याची गरज क्वचितच.

चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा चौकोन दिसतोय? स्टँड 15-20 सेंमी वर घ्या, हनुवटी जरा खाली. तरीही राहिला तर दिवा आणखी बाजूला न्या. डोळ्यातला कॅचलाइट (बाहुलीत चमकणारं दिव्याचं प्रतिबिंब) मात्र जाऊ देऊ नका.